जेनेसिस ऐकायला लागताय? मग या क्रमानं ऐका

जेनेसिस हे नाव बहुतेकांच्या कानावर पडतं ते 'इनव्हिजिबल टच' (१९८६) किंवा 'आय कान्ट डान्स' (१९९१) या गाण्यांमुळे. मग कुणीतरी सांगतं, हा मुळात प्रोग्रेसिव्ह रॉकचा, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचा बँड आहे, जुनं ऐक. नवखा माणूस ॲपवर नाव टाकतो, सगळ्यात लोकप्रिय गाण्यांची यादी लावतो आणि तिथं पुन्हा ऐंशीच्या दशकातली चार-चार मिनिटांची गाणीच वाजू लागतात. दुसरा कुणी शिस्तीचा असेल तर पहिल्या अल्बमपासून सुरुवात करतो. १९६९च्या त्या अल्बमात त्याला शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांची, व्हायोलिनांच्या ताफ्यात बुडालेली गोडगोड पॉप गाणी मिळतात. दोघंही तिथंच सोडून देतात आणि यात त्यांची काही चूक नसते.

म्हणून आधी काळ समजून घ्या. इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या चार्टरहाउस शाळेत १९६७मध्ये हा बँड जमला. पीटर गॅब्रिएल गायला, टोनी बँक्स कीबोर्डवर, माइक रदरफर्ड बेस आणि गिटारवर, अँथनी फिलिप्स गिटारवर. १९७०मध्ये 'ट्रेसपास' हा अल्बम झाल्यावर फिलिप्स बाहेर पडला. त्यानंतर फिल कॉलिन्स ड्रमवर आणि स्टीव्ह हॅकेट गिटारवर आले, आणि ज्या पाच जणांसाठी लोक अजून जीव टाकतात तो संच पूर्ण झाला. गॅब्रिएल १९७५मध्ये गेला, हॅकेट १९७७मध्ये. उरलेल्या तिघांनी पुढं जगभर गाजलेला पॉप बँड चालवला. हा लेख १९७० ते १९७७ या काळापुरता आहे.

लावण्याआधी

ॲपमधलं शफल बंद करा. क्रॉसफेड (एक गाणं विरत असताना दुसरं त्यावर चढवणं) शून्यावर आणा आणि गॅपलेस (दोन गाण्यांत फट न पडू देणं) चालू ठेवा. हे किरकोळ वाटेल, पण या बँडची काही गाणी एकमेकांना जोडलेली आहेत. 'द सिनेमा शो' संपता संपता 'आइल ऑफ प्लेंटी' सुरू होतं. तिथं अर्ध्या सेकंदाची जरी फट पडली तरी सांधा उघडा पडतो. सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारं सेटिंगही शक्यतो बंदच ठेवा. हळू आणि जोरदार यांतला फरक हा इथं रचनेचा भाग आहे.

एकच डबडं असलेला ब्लूटूथ स्पीकर टाळा. या बँडचा मूळ पोत बारा तारांच्या गिटारींचा आहे. या गिटारीत तारांच्या सहा जोड्या असतात. जाड चार जोड्यांत एक तार वरच्या सप्तकात लावलेली असते, बारीक दोन जोड्या एकाच सुरात. अशा दोन किंवा तीन गिटारी एकाच वेळी सुटे सूर छेडत असतात, एक डावीकडून, एक उजवीकडून. एका स्पीकरमधून त्यांचा नुसता चिवचिवाट ऐकू येतो. साधे वायरचे हेडफोन चालतील. दोन स्पीकर असतील तर त्यांच्यात जेवढं अंतर, तेवढंच तुमच्यापासून प्रत्येकाचं ठेवा.

आता आवृत्तीचा प्रश्न. या अल्बमांच्या सीडी १९९४मध्ये नव्यानं निघाल्या, त्यांवर 'डेफिनिटिव्ह एडिशन रिमास्टर' असं लिहिलेलं असतं. त्यांत वाद्यांचं मूळचंच मिश्रण (मिक्स) आहे. २००७-०८मध्ये ध्वनितंत्रज्ञ निक डेव्हिसनं सगळ्या वाद्यांचं मिश्रण पुन्हा केलं. त्यात आवाज सुटे आणि स्वच्छ झाले, पण एकूण पातळी चढवलेली आहे आणि काही ठिकाणी वाद्यांचा तोल बदललाय. गाण्याच्या नावापुढं २००७, २००८ किंवा 'न्यू स्टीरिओ मिक्स' दिसलं तर ते हे. पहिल्यांदा ऐकायला कुठलंही चालेल. एखादा जुना चाहता 'हे खरं नव्हेच' म्हणून नाक मुरडू लागला तर तो या फरकाबद्दल बोलतोय एवढं लक्षात ठेवा. जोरदार जागी कान थकत असतील तर १९९४ची सीडी शोधा, तिथं खरंच फरक पडतो.

पायरी १: एकच गाणं, तीनदा

'फर्थ ऑफ फिफ्थ', १९७३च्या 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' या अल्बममधलं. लांबी साडेनऊ मिनिटं. सुरुवातीला याहून योग्य गाणं या बँडकडं नाही, कारण यात सगळं काही आहे आणि काहीही जास्त नाही.

पहिल्यांदा नुसतं ऐका. पहिलं मिनिटभर एकटा पियानो वाजतो. त्यात मात्रांची संख्या सतत बदलते. मोजायला जाऊ नका, हमखास चुकाल आणि पुढचं ऐकायचं राहून जाईल.

दुसऱ्यांदा ऐकताना एकच काम करा. साधारण तीन मिनिटांवर गाणं थांबतं आणि गॅब्रिएल बासरीवर एक संथ चाल वाजवतो. ती चाल गुणगुणता येईल इतकी लक्षात ठेवा. त्यानंतर सुरुवातीचा पियानोचा तुकडा सिंथेसायझरवर, ड्रमसकट पुन्हा येतो. आणि पावणेसहा मिनिटांच्या आसपास हॅकेटची गिटार लागते. ती वाजवते काय? तीच बासरीची चाल, पण ताणून, प्रत्येक सूर लांबवून. एका जागी एक वरचा सूर इतका वेळ धरलाय की खालची सुरावट बदलत राहते आणि तो हलत नाही. हा सोलो जवळजवळ तीन मिनिटांचा आहे.

आपल्याकडं शास्त्रीय संगीत ऐकून तयार झालेल्यांची इथं एक गल्लत होते. सोलो म्हटलं की ते उपज, विस्तार यांची वाट पाहतात आणि 'हा तर पाठ केलेलं वाजवतोय' म्हणून हिरमुसतात. पाठच केलेलं आहे. जेनेसिसमध्ये सोलोसुद्धा बांधलेला असतो, आणि मैफिलीत हॅकेट जवळपास तेच सूर वाजवतो. दाद द्यायची ती बांधणीला.

तिसऱ्यांदा बेस आणि ड्रम ऐका. गिटारच्या सोलोखाली कॉलिन्स काय काय करतो ते पहिल्या दोन खेपांना कुणाच्याच लक्षात येत नाही.

पायरी २: आता तो अख्खा अल्बम

'सेलिंग इंग्लंड' त्रेपन्न मिनिटांचा आहे. सलग वेळ नसेल तर दोन भाग करा. पहिली चार गाणी एका दिवशी, उरलेली चार दुसऱ्या दिवशी. तबकडीच्या दोन बाजू अशाच पडतात. पहिल्या खेपेला 'द बॅटल ऑफ एपिंग फॉरेस्ट' गाळलंत तरी चालेल. लंडनच्या ईस्ट एंडमधल्या टोळ्यांच्या हाणामारीची ही जवळपास बारा मिनिटांची गोष्ट आहे. शब्दांची इतकी दाटी आहे की खालच्या सुंदर वादनाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. नवखे लोक अल्बम सोडतात तो बहुधा इथंच.

'आय नो व्हॉट आय लाइक' हे बँडचं ब्रिटनमध्ये चाललेलं पहिलं सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं. मुखपृष्ठावर बाकावर झोपलेला माणूस आणि गवत कापायचं यंत्र दिसतं. ते चित्र बेटी स्वॉनविक यांचं. यंत्र मूळ चित्रात नव्हतं, या गाण्यासाठी ते नंतर घालून घेतलं.

'मोअर फूल मी' ऐकताना आवाज वेगळा वाटेल. तिथं गातोय फिल कॉलिन्स. हे आत्ताच टिपून ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

मग 'द सिनेमा शो'. पहिली सहा मिनिटं गाणं, नंतर साडेचार मिनिटं निव्वळ वाद्यं. हा दुसरा भाग सात मात्रांचा आहे. रूपक ताल ज्यांच्या हातात बसलेला आहे त्यांना हा घरचाच मामला वाटेल, पण एक सावधगिरी बाळगा: इथले खंड रूपकासारखे ३-२-२ पडतील असं धरून चालू नका. नुसते सात मोजा आणि एकवर मांडीवर टाळी द्या. दहा-बारा आवर्तनं झाली की मोजणं आपोआप सुटतं, टाळी मात्र बरोबर पडत राहते. तेव्हा कान वर न्या आणि बँक्स एकामागून एक किती चाली काढतो ते ऐका. त्या वेळी खाली फक्त रदरफर्ड आणि कॉलिन्स असतात.

शेवटच्या 'आइल ऑफ प्लेंटी'मध्ये अल्बमच्या पहिल्या गाण्याची चाल परत येते आणि शब्दांत ब्रिटिश सुपरमार्केटांची नावं लपवलेली आहेत, टेस्को, सेफवे वगैरे. अल्बमचं नाव तिथं उलगडतं.

पायरी ३: दोन वर्षं मागं

'नर्सरी क्राइम' (१९७१) मधलं 'द म्युझिकल बॉक्स' घ्या. साडेदहा मिनिटं. गोष्ट माहीत नसेल तर गाणं विचित्र वाटतं, म्हणून आधी गोष्ट. व्हिक्टोरियन काळातलं एक श्रीमंत घर. क्रोके (हिरवळीवर लाकडी बॅटनं चेंडू टोलवायचा खेळ) खेळताना सिंथिया नावाची मुलगी हेन्रीचं डोकं बॅटनं उडवते. काही दिवसांनी ती त्याची संगीतपेटी उघडते, हेन्रीचा आत्मा परततो आणि भराभर म्हातारा होत जातो. सगळ्या आयुष्याची वासना त्याला त्या काही क्षणांत ग्रासते. गाणंही असंच चढतं. सुरुवातीला बारा तारांची गिटार कुजबुजल्यासारखी आणि शेवटाला सगळा बँड अंगावर येतो. आवाज शेवटाच्या मानानं लावा.

यात हॅकेट उजव्या हाताच्या बोटानं गिटारच्या दांडीवर ठोकून सूर काढतो. हे तंत्र पुढं हेवी मेटलवाल्यांनी गाजवलं, इथं ते १९७१मध्येच आहे.

इंग्रजी शब्दांच्या मागं पहिल्या खेपेला धावू नका. गॅब्रिएल शब्दांत कोट्या करतो, बायबल, ग्रीक पुराणं आणि इंग्लंडमधली जुनी बालगीतं एकाच कडव्यात कोंबतो. आधी चाल बसू द्या, मग शब्द समोर घेऊन ऐका.

पायरी ४: 'फॉक्सट्रॉट' आणि तेवीस मिनिटं

'फॉक्सट्रॉट' (१९७२) उघडतो तो मेलोट्रॉनच्या भल्यामोठ्या सुरावटीनं, 'वॉचर ऑफ द स्काइज' हे ते गाणं. मेलोट्रॉन या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो, त्यावर व्हायोलिन वगैरे आधीच ध्वनिमुद्रित केलेलं. पट्टी दाबली की साधारण आठ सेकंद सूर निघतो आणि टेप संपते. पट्टी सोडून परत दाबावी लागते. त्यामुळं या वाद्यावर सूर मनमानेल तितका धरता येत नाही, सुरावट हलती ठेवावीच लागते.

'गेट एम आउट बाय फ्रायडे'मध्ये घरमालकाचे दलाल भाडेकरूंना गोड बोलून, पैसे देऊन घराबाहेर काढतात. पुढं भविष्यकाळात एक सरकारी फतवा निघतो: माणसाची उंची चार फुटांवर आणायची, म्हणजे त्याच इमारतीत दुप्पट माणसं मावतील. मुंबईत चाळीचा पुनर्विकास ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना या गाण्यावर वेगळं भाष्य नको.

आणि मग 'सपर्स रेडी'. सात भाग, तेवीस मिनिटं. हे प्रवासात, कामात ऐकायचं गाणं नव्हे. पुढच्या क्रमानं जा:

आधी साधारण एकविसाव्या मिनिटावर जा. तिथला जोर कानाला सोसेल असा आवाज लावा आणि मग शून्यावर परत या. हे केलं नाही तर हटकून घडतं ते असं: दहाव्या मिनिटाच्या सुमारास चौथा भाग इतका हळू होतो की ऐकणारा आवाज वाढवतो, आणि अकराव्या मिनिटाला 'विलो फार्म' धाडकन अंगावर येतं.

चौथ्या मिनिटापासून दुसरा भाग लागतो. त्याची चाल लक्षात ठेवा. तेविसाव्या मिनिटापर्यंत पोचायचं ते याच चालीसाठी, ती शेवटाला सगळ्या ताकदीनिशी परत येते.

'विलो फार्म' हसण्यासाठीच आहे. मैफिलीत गॅब्रिएल इथं डोक्याभोवती भल्यामोठ्या फुलाचा मुखवटा घालून उभा राहायचा.

साडेपंधरा मिनिटांपासून सहावा भाग. खालचा ठेका नऊचा आहे, खंड ३-२-४. बोटांवर असं म्हणा: एक दोन तीन, एक दोन, एक दोन तीन चार. वर बँक्सचा ऑर्गन मात्र या नऊला जुमानत नाही, तो आपले वेगळेच हिशेब मांडत जातो. त्याच्या मागं गेलात की ठेका सुटलाच. तळाचा नऊ घट्ट धरा आणि ऑर्गनला वरून जाऊ द्या. तबल्याची आणि सोलो वादकाची अशी झुंज ज्यांच्या परिचयाची आहे ते इथं खूश होतात, फक्त समेवर एकत्र येण्यासाठी इथं फार ताटकळावं लागतं.

विषय विचाराल तर गॅब्रिएल आणि त्याच्या पत्नीला एका रात्री आलेला एक गूढ अनुभव आणि त्यावर रचलेलं बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकातलं चांगल्या-वाईटाचं युद्ध. याहून जास्त उलगडा पहिल्याच आठवड्यात करायची गरज नाही.

पायरी ५: पुढं कुठं

'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' (१९७४) हा जोडअल्बम, दीड तासाचा. न्यूयॉर्कमधल्या राएल नावाच्या तरुणाची गोष्ट. कित्येक जण याला शिखर मानतात, पण सुरुवात इथून करू नये, दुसरा अर्धा भाग नव्या माणसाला दमवतो. आधी 'द कार्पेट क्रॉलर्स' सुटं ऐका.

गॅब्रिएल गेल्यावर बरेच जण पुढचं ऐकतच नाहीत, हे नुकसानीचं आहे. 'अ ट्रिक ऑफ द टेल' (१९७६) मध्ये कॉलिन्स गातो आणि 'मोअर फूल मी' तुम्ही आधी ऐकलेलं असल्यानं धक्का बसत नाही. त्यानंतर 'सेकंड्स आउट' (१९७७) हा मैफिलीचा अल्बम घ्या. त्यात 'फर्थ ऑफ फिफ्थ' आहे, पण सुरुवातीचा पियानो नाही. 'सपर्स रेडी' अख्खं आहे, कॉलिन्सच्या आवाजात. 'द सिनेमा शो'मध्ये ड्रमवर कॉलिन्सच्या जोडीला बिल ब्रुफर्ड आहे. सातचा हिशेब दोघं मिळून कसा वाटून घेतात ते मूळ गाण्याशेजारी ठेवून ऐका.

ऐंशीनंतरचं सगळंच टाकाऊ नाही. 'टर्न इट ऑन अगेन' (१९८०) रेडिओवर चाललेलं गाणं, पण त्याचा मुख्य ठेका तेराचा आहे. नाचायला जाणारे तिथंच पाय चुकतात.

दुसऱ्यांना ऐकवायचं असेल तर

सगळ्यात जास्त घोटाळे इथं होतात. चाहता उत्साहानं चार जणांना बोलावतो आणि पहिलंच 'सपर्स रेडी' लावतो. आठव्या मिनिटाला मोबाइल बाहेर निघतात.

चार ते सहा माणसं पुरेत. संगीत चाळीस मिनिटांच्या आत ठेवा. जमणारा क्रम असा: 'आय नो व्हॉट आय लाइक' (४ मिनिटं), लगेच 'फर्थ ऑफ फिफ्थ' (साडेनऊ). मग चहा. नंतर 'द सिनेमा शो' आणि 'आइल ऑफ प्लेंटी' जोडून (साडेबारा), शेवटी 'द म्युझिकल बॉक्स' (साडेदहा). 'म्युझिकल बॉक्स'ची गोष्ट चहाच्या वेळीच सांगून टाका.

माणसं दोन स्पीकरच्या समोर बसवा, भिंतीला टेकून नव्हे. भिंतीपाशी बेस फुगतो. पंखा मंद करा, कारण 'म्युझिकल बॉक्स'ची पहिली दोन मिनिटं पंख्याच्या घरघरीत सहज हरवतात. जाहिराती येणारं मोफत ॲप असेल तर गाणी आधी दुसरीकडून मिळवून ठेवा. 'सिनेमा शो'नंतर साबणाची जाहिरात वाजली की बैठक मोडली म्हणून समजा.

गाणं चालू असताना बोलू नका. 'आता बघ हां, आता येतो गिटारचा तुकडा' हे वाक्य तर अजिबात नको, कारण समोरचा मग गिटार ऐकायच्या ऐवजी तुमच्या तोंडाकडं बघून कुठली प्रतिक्रिया द्यायची याचा विचार करू लागतो. सातचा हिशेब सांगायचा तर 'सिनेमा शो' लावण्याआधी टाळी देऊन दाखवा आणि गप्प बसा. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या घरातलं कुणी असेल तर दोन मिनिटांत ते स्वतःच टाळी धरतं.

जुनी तबकडी मिळवून ऐकवणार असाल तर दोन गोष्टी. 'सेलिंग इंग्लंड'च्या बाजू लांब आहेत, खाचा दाटीनं कोरलेल्या, त्यामुळं तबकडीचा आवाज मुळातच हळू असतो. ॲम्प्लिफायर थोडा चढवावा लागतो आणि मग प्रत्येक चरा ऐकू येतो. 'फॉक्सट्रॉट' विकत घेताना दुसरी बाजू टॉर्चच्या उजेडात तिरपी धरून बघा. 'सपर्स रेडी' तिथं आहे, म्हणजे आधीच्या मालकानं सगळ्यात जास्त तीच झिजवलेली असणार. लेबलाकडची खाच खास तपासा, गाण्याचा शेवट तिथं येतो आणि खरखरही तिथंच जास्त असते.